एकोणसाठाव्या वर्षी लोणीपाव-कुमारी

कोपनहेगन,
रविवार, ३ मे १९६४

प्रिय बिर्ते,

पोचले, आणि धडधाकट पोचले. आक्सेलला सांग, वाटेत माझी बॅग कोणी पळवली नाही. बोटीवर तळलेला मासा घेतला, त्याची शेपटी ताटाबाहेर लोंबत होती. समोर एक गृहस्थ बसले होते. म्हणाले, "पहिल्यांदाच निघालात वाटतं घराबाहेर?" मी म्हटलं, "कशावरून?" तर म्हणाले, "पर्स मांडीखाली दाबून जेवणारी बाई मी आजच पाहिली."

थोरा स्टेशनवर आली होती. शाळेत माझ्या बाकावर बसायची तेव्हा जेवढी बोलायची, तेवढीच अजून बोलते. नाटकगृहात तीस वर्षं कपडे शिवले, तेव्हा तोंडात टाचण्या धरायला लागायच्या. ते सगळं राहिलेलं बोलणं आता बाहेर काढते आहे असं वाटतं.

काल तिने मला हरणांच्या रानात नेलं. बीच नावाच्या झाडांना परवाच पालवी फुटली म्हणे, आणि सगळं शहर ती बघायला लोटलं होतं. म्हातारे, पोरं, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, सगळे माना वर करून. मला हसू आलं. पानं बघायला कोणी गाडीचं तिकीट काढून जातं का? मग मीही मान वर केली. बिर्ते, आपल्याकडे झाड म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याने कंबरेत मोडलेलं, खाडीला पाठ दाखवून उभं असलेलं. इथली झाडं ताठ वर जातात आणि वर गेल्यावर एकमेकांच्या हातात हात घालतात. पान इतकं कोवळं की ऊन त्यातून गाळून खाली येतं, हिरवं होऊन. थोराच्या तोंडावर ते हिरवं ऊन पडलं होतं आणि ती चक्क गप्प होती. मी एक पान तोडून खाल्लं. आंबूस लागलं.

मग ते संगमरवरी पुतळ्यांचं संग्रहालय. मधोमध काचेच्या छताखाली ताडामाडांची बाग, आणि भोवती नागडे रोमन. मला त्यांची फार दया आली. नाकं तुटलेली, अंगावर सूत नाही, आणि तरी चेहऱ्यावर असा भाव की आपण त्यांच्या घरी न सांगता आलोय.

थोराच्या इमारतीत तळाला हॉल्कबाईंचं लोणीपावाचं दुकान आहे. आपल्याकडे लोणीपाव म्हणजे डब्यातला जाड काळा पाव आणि वर सॉसेजची एक एकटी चकती. इथे पाव दिसतच नाही. वर मासा, त्यावर कांदा, त्यावर अंड्याचा बलक, आणि ते सगळं असं उभं असतं की सुरी लावायला जीव होत नाही. मी तीन खाल्ले. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, "वाईट नाही." म्हणजे किती चांगलं असेल ते तूच ओळख.

पुढच्या मंगळवारी परत येते. लीनेला पापा.

तुझी,
आई

—

लेमविगजवळ, घरी,
८ मे

प्रिय आई,

पत्र पोचलं. इकडे ठीक. काळ्या गाईला वासरू झालं, पाडी आहे. वारा आहेच. लीने विचारते, आजीने झाड का खाल्लं. मी सांगितलं, तिकडे जेवण महाग असेल.

चार तारखेला संध्याकाळी, जर्मन फौजा गेल्या त्याची आठवण म्हणून, दरवर्षीसारख्या खिडकीत मेणबत्त्या लावल्या. तुझ्या खोलीच्या खिडकीतही लावल्या. पलीकडचा क्रेस्टेन रस्त्यावरून जाताना ओरडला, "सिसेल परत आली का गं?" म्हटलं, नाही, मेणबत्त्याच आहेत.

मंगळवारी संध्याकाळच्या गाडीला आक्सेल स्टेशनवर येईल. फोन करू नकोस. एक्स्चेंजमधली बोडिल मध्येच "काय म्हणालात?" असं विचारते हल्ली.

तुझ्या खिडकीजवळच्या खुर्चीला नवी गादी करून घेतली आहे, पिसांची. आता पाठ दुखणार नाही. स्वयंपाकघरातही दोन फळ्या नव्या ठोकल्या, सगळं हाताशी आलंय. तुला कशालाच हात लावायला लागणार नाही. तू नुसती ये आणि बस.

बिर्ते

—

कोपनहेगन,
११ मे

प्रिय बिर्ते,

मंगळवारी येत नाही. थोराचा पाय मुरगळला आहे. चार जिने आहेत, तिला एकटीला सोडून कशी येऊ? आठवडाभर राहते. फार तर दोन.

आक्सेलला उगाच स्टेशनवर हेलपाटा नको म्हणून घाईने लिहिते आहे.

पण एक सांगायलाच हवं. राजेशाही नाटकगृहात नाच पाहिला. थोराच्या ओळखीने अगदी वरच्या, छताला डोकं टेकेल अशा जागा मिळाल्या. तिथून नाचणाऱ्या मुली पिठाच्या डब्यात पडलेल्या फुलपाखरांसारख्या दिसत होत्या. दोन तास स्टेजवर कोणी एक शब्द बोललं नाही आणि तरी सगळं कळलं. कोण कोणावर रुसलं, कोण मेलं. मध्यंतरात थोरा म्हणाली, "कसं वाटतंय? शब्दांशिवाय?" मी म्हटलं, "अगं, बत्तीस वर्षं माझा संसार असाच चालला. फक्त ते कधी असे उडाले नाहीत." पुढच्या रांगेतली बाई इतकी हसली की तिची दुर्बीण खाली पडली.

मी बरी आहे. सकाळी लवकर उठते, खूप चालते, झोप छान लागते.

तुझी,
आई

—

घरी,
२० मे

प्रिय आई,

तू म्हणालीस आठवडा, फार तर दोन. ठीक आहे. पण मला एक नीट सांग.

थोरामावशीचा पाय मुरगळला आहे ना? मग परवा तिने मला जे कार्ड पाठवलं त्यावर असं का लिहिलंय की ती पूल ओलांडून फुलबाजारात पायी जाऊन आली? मी आक्सेलला दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे आईंना कोणीतरी भेटलाय." मी त्याला झापलं.

मग काल क्रेस्टेन आला. शेतकी सभेसाठी कोपनहेगनला गेला होता. दारातच टोपी हातात धरून उभा राहिला, आत येईना. मी म्हटलं, "काय झालं?" तो म्हणाला, "बिर्ते, सिसेल बरी आहे ना गं?" म्हणाला, मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, सकाळी सातच्या सुमाराला, त्याने तुला एका फाटकाशी पाहिलं. अंगात लांब पांढरा कोट, डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं. त्याने हात केला. तू त्याला बघितलंस आणि चटकन आत गेलीस, दार लावून घेतलंस.

आई, दवाखान्यात भरती आहेस का? बाबांनीही शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. "वाईट नाही, वाईट नाही" म्हणत गेले. तू असं करू नकोस. काय आहे ते सांग. गाई आक्सेल बघेल, लीनेला मी क्रेस्टेनच्या बायकोकडे ठेवते आणि पहिल्या गाडीने येते. उत्तर उलट टपाली पाठव. नाहीतर सरळ फोन कर, बोडिल ऐकू दे सगळं.

बिर्ते

—

कोपनहेगन,
२३ मे

माझी बिर्ते,

मी धडधाकट आहे. आधी हे वाच, मग श्वास घे, मग पुढचं वाच. दवाखाना नाही, आजार नाही. आक्सेलला सांग, पुरुषही नाही. त्या क्रेस्टेनला अख्ख्या कोपनहेगनात नेमकी तीच गल्ली बरी सापडली. आणि मीही वेडी. त्याला बघून शाळा बुडवलेल्या पोरीसारखी आत पळाले.

तो पांढरा कोट हॉल्कबाईंच्या दुकानाचा आहे. मी तिथे काम करते. म्हणजे शिकते.

कसं झालं ते सांगते. मी आल्याला चारच दिवस झाले होते. त्यांच्याकडची एक मुलगी तापाने पडली आणि त्याच दुपारी कोणाच्या तरी साठीची मोठी मागणी होती. थोरा काउंटरवर उभी राहून म्हणाली, "हिने आमच्या गावाकडे लग्नात दोनदोनशे माणसांच्या पंगती उठवल्यात." हॉल्कबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. उंच बाई, चेहरा असा की पाहिल्यावर आपले हात स्वच्छ आहेत का हे बघावंसं वाटतं. म्हणाल्या, "लोणी लावता येतं?" एवढंच. मी दिवसभर आत उभी राहून पावाला लोणी लावत होते. संध्याकाळी त्या आल्या, एक चकती उचलून उजेडाला धरली. म्हणाल्या, "लोणी कोपऱ्यापर्यंत गेलंय. बाकी सगळं चूक."

बाकी म्हणजे: पाव जाड कापला. मासा ढिगाने घातला. बीट मासळीला चिकटवलं, त्याचा रंग उतरला. "ही काय गवताची गंजी रचताय का?" म्हणाल्या. आजूबाजूच्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरी फिदीफिदी हसल्या. त्यातली युट्टे नावाची तर म्हणाली, "आजी, तुम्ही बोलता ते डॅनिशच आहे ना?" मी म्हटलं, "हो, आम्ही ते जपून वापरतो. तुम्ही उधळता."

मग निघताना हॉल्कबाई म्हणाल्या, "सोमवारी साडेसहाला या."

बिर्ते, मी त्या रात्री झोपले नाही. पोटात असं काहीतरी उड्या मारत होतं. तुझ्या वेळी पोटात होतं तसं.

आता खरं ते सांगते. तीन महिने बघणार आहेत. हात बसला तर रीतसर शिकाऊ म्हणून घेणार, पुढे परीक्षा. या कामाला काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे, हसू नकोस. लोणीपाव-कुमारी. तुझी आई आता विधवा, आजी आणि कुमारी, तिन्ही एकदम आहे.

खोटं का बोललीस, हे तू विचारशील. कारण तू लिहिलंस, "तू नुसती ये आणि बस." तुझे बाबा गेले तेव्हा तू माझ्या हातातून सुरी काढून घेतलीस आणि म्हणालीस, "आई, तू बस. खूप केलंस." मायेने म्हणालीस, मला कळत होतं. त्यानंतर दोन वर्षं मी बसले आहे. बटाटा सोलायला घेतला की तू बस. दूध तापवायला उठले की तू बस. त्या खिडकीतून मला क्रेस्टेनचं खत दिसतं आणि त्याच्या पलीकडे खाडी दिसते. ज्या स्वयंपाकघरात मी एवढी वर्षं उभी राहिले तिथे मी पाहुणी झाले, बिर्ते. चांगली वागवली गेलेली पाहुणी.

इथे कोणी मला बस म्हणत नाही. खुर्चीच नाही आत.

तुझी,
आई

—

घरी,
२८ मे

आई,

तू आजारी नाहीस हे वाचून मी गोठ्यात जाऊन रडले. मग पुढचं वाचलं.

मी तुला बस म्हणाले कारण तू रात्रभर बाबांच्या उशाशी उभी असायचीस आणि सकाळी पुन्हा चुलीपाशी. तुझे पाय सुजलेले मी पाहिले होते. मला वाटलं मी तुला काहीतरी देते आहे. दोन वर्षं मी तुझं आणि माझं, दोघींचं काम केलं आणि एकदाही कुरकुर केली नाही, कारण मला वाटलं तू खिडकीत सुखात आहेस. तुला एक शब्द बोलता आला नाही? कोपनहेगनला जाऊन, पांढरा कोट घालून, पत्रातून सांगायचं?

गावात सगळे विचारतात. मी काय सांगू? माझ्या घरात माझ्या आईला जागा पुरली नाही, असं?

गादी परत करता येत नाही.

बिर्ते

—

कोपनहेगन,
१० जून

प्रिय बिर्ते,

दोन कार्डं पाठवली, उत्तर नाही. तू माझीच मुलगी आहेस, म्हणजे गप्प बसायचं ठरवलंस तर हिवाळ्यापर्यंत बसशील. म्हणून मी लिहीतच राहते.

तू म्हणालीस ते सगळं खरं आहे. बोलायला हवं होतं. आपल्याकडे कोणी बोलत नाही हे मी नाचाच्या वेळी हसत सांगितलं, हसण्यासारखं नव्हतं.

तरी तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. काल मला कोळंबी दिली. कोळंबी शिकाऊंना देत नाहीत. पातळ पाव, लोणी, मग अंड्याच्या चकत्या एकीवर एक कललेल्या, त्यावर कोळंबी एक-एक करून लावायची, सगळ्यांची शेपटी एका दिशेला. पहिल्या सहा ताटल्या हॉल्कबाईंनी बाजूला सारल्या. सातवी बाहेर गेली. नुसती गेली, कोणी काही म्हणालं नाही. मी मागच्या अंगणात गेले, पिंपांच्या मध्ये उभी राहिले, आणि मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. युट्टे आली, म्हणाली, "आजी, रडताय का?" म्हटलं, "आमच्याकडे याला आनंद म्हणतात."

रविवारी थोरा आणि मी पुन्हा रानात गेलो. पालवी आता गडद झाली आहे, पण हरणांना पाडसं झालीत. ती पाय वापरायला शिकताहेत. त्यांचं आणि माझं सध्या सारखंच चाललंय.

एक ओळ लिही. रागाची चालेल.

तुझी,
आई

—

घरी,
सोमवार, २२ जून

आईस,

बिर्ते आज सकाळच्या गाडीने कोपनहेगनला निघाली. तुम्हाला आणायला. तुमचे कपडे भरायला मोठी सुटकेस रिकामी घेऊन गेली आहे. मी म्हटलं, आधी कळव. म्हणाली, कळवलं तर थोरामावशीचा पाय पुन्हा मुरगळेल.

रात्री उतरायला ती खोली घेणार आहे आणि उद्या तुमच्याकडे येईल. फार रागावू नका. ती रागावली तर थोडं रागावू द्या. गेला महिनाभर ती ताटं आपटते आहे.

माझं म्हणाल तर, तुम्ही या किंवा राहा. तुमच्या हातची खीर आठवते. मी केलेली आज लीनेने कुत्र्याला दिली आणि त्यानेही विचार केला.

बटाटे चांगले आहेत.

आक्सेल

—

कोपनहेगन,
२५ जून

बिर्ते,

आक्सेलचं पत्र काल दुपारी मिळालं. म्हणजे तू परवाच यायला हवी होतीस. मी हॉल्कबाईंना सांगून घरी धावले. थोरा म्हणाली, कोणी आलं नाही. मी खाली फाटकाशी उभी राहिले. मग स्टेशनवर गेले. आपल्याकडून, जटलंडहून आलेल्या संध्याकाळच्या गाडीतली प्रत्येक बाई बघितली. प्रवाशांच्या खोल्या देणाऱ्या तीन ठिकाणी विचारलं. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले, हो, मोठी सुटकेस घेतलेली बाई होती, सकाळीच गेली.

कुठे गेली? मला काय काय दिसायला लागलं ते लिहीत नाही.

आज सकाळी हॉल्कबाईंनी स्वतः फोन माझ्या हातात दिला. घरचा लागेना. तेवढ्यात बोडिलच बोलली. "सिसेल, कोणाला शोधतेस? बिर्ते? ती काल संध्याकाळी स्टेशनवरून घरी चालत गेली की. पायात लाल सँडल होत्या."

मी तिथेच पिठाच्या पोत्यावर बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा बसले.

म्हणजे तू आलीस. कोपनहेगनला आलीस, दोन रात्री राहिलीस आणि मला न भेटता परत गेलीस. इतकी रागावली आहेस? तोंडसुद्धा बघायचं नाही इतकी? असं असेल तर तसं लिही. मी सामान बांधते.

आई

—

घरी,
२७ जून

प्रिय आई,

सामान बांधू नकोस. आणि तुला स्टेशनवर धावायला लावलं त्याबद्दल मला वाईट वाटतं. आक्सेलने पत्र पाठवलंय हे मला ठाऊकच नव्हतं. तो बटाट्यांखेरीज कशाबद्दल लिहीत नाही.

मी तोंड बघितलं तुझं. चांगलं तासभर बघितलं.

मंगळवारी जेवणाच्या वेळी मी दुकानात शिरले, सुटकेस घेऊन. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं. बोटीवर पुन्हा म्हटलं होतं. आत गर्दी होती. एका मुलीने विचारलं, "बसणार?" आणि मला लाज वाटली नुसतं उभं राहायची, म्हणून बसले. भिंतीशी, ताटल्या बाहेर येतात त्या खिडकीच्या समोर. तीन मागवले: खारवलेली हेरिंग मासळी, तळलेला मासा, कोळंबी.

आणि खिडकीतून तू दिसलीस.

मान खाली. जीभ दातांत धरलेली, लीने चित्र काढताना धरते तशी. तुझ्यामागून त्या उंच बाई आल्या आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "सिसेल, हे लिंबू आहे की शिडी?" माझा हात सुटकेसवर गेला. म्हटलं, माझ्या आईला असं बोलते? आत जाते आणि आईला घेऊन निघते. आणि तू हसलीस. डोकं मागे टाकून. बाजूच्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोळे बाहीला पुसून पुन्हा मान खाली.

आई, मला ते हसणं ओळखायला वेळ लागला. मी लहान असताना कधीतरी ऐकलं असेल.

मी खाल्लं. कोळंबीच्या ताटलीला तर जरा वेळ हातच लावला नाही. इतकी देखणी मांडली होती, प्रत्येक कोळंबी आपल्या जागी. ती कोणा शिकलेल्या हाताची असणार. तळलेल्या माशाच्या ताटलीवरचं लिंबू मात्र कललं होतं. म्हटलं, ही आईची. ती मी शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.

मग उठले. दोन पावलं खिडकीकडे गेले. हाक मारायची होती. पण हाक मारली असती तर तू लगेच आई झाली असतीस. कोट काढला असतास, मला जेवलीस का विचारलं असतंस, आणि ते लिंबू तसंच राहिलं असतं. म्हणून बाहेर पडले.

रस्त्यावर उभी होते, हातात रिकामी सुटकेस, गाडीला अजून वेळ. तू लिहिलेल्या रानात गेले. पालवी नव्हती आता, नुसतं हिरवं. एक पाडस वाटेत उभं होतं, मला बघून हललं नाही. मी चालत राहिले. कोणी "बिर्ते" म्हणून हाक मारत नव्हतं. कोणाला भूक लागली नव्हती. मला कळेना हात कुठे ठेवायचे. असा दिवस मला कधी मिळालाच नव्हता, आई.

चालता चालता समुद्रावर पोचले आणि बघते तर किनाऱ्यावर होळ्या रचलेल्या, वर चेटकिणीचं बुजगावणं. जूनची तेवीस, उन्हाळ्याच्या होळीची रात्र, विसरूनच गेले होते. उजेड अजून होता, समुद्र दुधासारखा. शेकडो लोक गात होते. शेजारच्या कुटुंबाने मला कॉफी दिली आणि विचारलं, "कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, "लेमविगकडची. माझी आई इथे काम करते." माझ्या तोंडून ते असं निघालं, तोऱ्यात. म्हणाले, "कुठे?" सांगितलं. तर ती बाई म्हणाली, "अरे वा, तिथे तर फार चांगलं मिळतं."

गाडी कधीच चुकली होती. पुन्हा त्याच खोलीत झोपले. सकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून लाल सँडल घेतल्या आणि आले. आक्सेलने त्या बघितल्या, म्हणाला, "वाईट नाहीत." त्याने गाई बघितल्या होत्या, लीनेची वेणी उलटी घातली होती, घर उभं होतं.

गावात विचारतात त्यांना आता सांगते. क्रेस्टेनलाही सांगितलं. तो म्हणाला, "या वयात?" मी म्हटलं, "तुला जमेल का लोणी कोपऱ्यापर्यंत न्यायला?"

खुर्ची मी ओट्याजवळ आणली आहे. थकले की मीच बसते.

बिर्ते

—

कोपनहेगन,
३० जून

प्रिय बिर्ते,

पत्र उभ्याउभ्या वाचलं, मग मागच्या अंगणात जाऊन परत वाचलं. युट्टे म्हणाली, "आजी, पुन्हा आनंद?" मी मान हलवली.

आधी रागावून घेते. तासभर आईसमोर बसायचं, तीन ताटल्या संपवायच्या आणि न बोलता चालतं व्हायचं, हे फक्त आपल्याकडचं माणूस करू शकतं. थोरा तर माझ्यावरच चिडली आहे. म्हणते, "तुझंच वळण आहे." दोन तास बोलत नव्हती. शेजारी विचारायला आले, सगळं ठीक आहे ना.

झाला राग. पुढच्या वेळी खिडकीवर टकटक कर. मी आई होईन, जेवलीस का विचारीन, आणि मग पुन्हा लिंबाकडे वळेन. दोन्ही जमतं. आता मला ठाऊक आहे.

ऑगस्टमध्ये कापणीला पंधरा दिवस सुट्टी मिळणार आहे. मी पाहुणी म्हणून येईन आणि पाहुणीसारखं काम करीन: तू सांगशील तेवढंच. खीर मात्र माझी, आक्सेलसाठी. आणि ऑक्टोबरात तू लीनेला घेऊन इकडे ये. थोरा तिला नाटकगृहाच्या मागच्या दाराने आत नेणार आहे, सगळे झगे दाखवायला. सँडल घालून ये.

हॉल्कबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं, लिंबाचा भाग. त्यांनी ऐकलं, कोट नीट केला आणि म्हणाल्या, "एक सप्टेंबरपासून शिकाऊ म्हणून नाव घालते." मग दारातून वळून म्हणाल्या, "त्या बाईंना खरं काय ते कळवा. दुकानाच्या नावाचा प्रश्न आहे."

म्हणून कळवते. ते शिडीसारखं लिंबू माझं होतं, पण ते बाहेर गेलंच नाही, टोपलीत गेलं. तू जी माशाची ताटली माझी समजून शेवटच्या कणापर्यंत खाल्लीस, ती युट्टेची.

माझी ती कोळंबीची.

तुझी,
आई